हात लावला की फ्लिक होते, हात काढला की नाही

प्रश्न असा आहे. अकरा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकते. मॅडमचा हात कमरेला असला की बॅक हँडस्प्रिंग (मागे झेपावून, हातांवरून उलटं होत परत पायांवर येणं) छान होते. हात काढला की दोन्ही हात वर घेते, गुडघे वाकवते आणि परत सरळ उभी राहते. असे चार महिने झाले. बरोबरच्या मुली पुढे गेल्या. समजावून झालं, रागावून झालं, सायकलचं आमिष दाखवून झालं. ही भीती घालवायची कशी?

भीती घालवायच्या मागे लागू नका, आधी ती नेमकी कुठे आहे ते शोधा. मॅडमचा हात असताना फ्लिक होते (आपल्याकडच्या जिममध्ये बॅक हँडस्प्रिंगला सर्रास फ्लिकच म्हणतात, पुढे तोच शब्द वापरू), म्हणजे प्रकार तिला अजिबात येत नाही असं नाही. पण तो हात नेमकं कोणतं काम करतोय हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. तो तिला उचलतोय, की फिरवतोय, की नुसता धीर देतोय? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हे न बघता ‘मन घट्ट कर’ म्हणणं म्हणजे ताप कशाने आला ते न पाहता वर पांघरूण घालणं.

फ्लिकमध्ये काय घडतं ते एकदा सावकाश बघू, कारण भीती यातल्याच कुठल्यातरी एका क्षणावर बसलेली असते. हात कानांशी. मग खुर्चीत बसल्यासारखं बसायचं: वजन टाचांवर, नडग्या जवळजवळ उभ्या, गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे नाहीत, छाती वर. इथे तोल मुद्दाम मागे जाऊ द्यायचा असतो, मागची खुर्ची कुणीतरी काढून घेतल्यासारखा. तोल सुटला की हात झटक्यात कानांवरून मागे जातात, पाय जमिनीला ढकलतात, कंबर उघडते आणि अंग लांबट कमान करून मागे झेपावतं. हात टेकताना कोपरं ताठ, बोटं किंचित आतल्या बाजूला वळलेली. निमिषभर हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं. मग खांद्यांतून जमीन ढकलून पाय झटक्याने खाली आणि छाती वर. सगळं मिळून सेकंदभराचं काम.

यात एक तुकडा असा आहे जिथे पाय सुटलेले असतात, हात अजून टेकलेले नसतात आणि जायचंय ती जागा डोळ्यांना दिसत नसते. बहुतेक मुलं तिथेच अडतात. मल्लखांबावरून जिम्नॅस्टिक्सकडे आलेल्या मुलांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. उलटं लटकणं, पाठीची कमान, उंची, कशालाच ती बिचकत नाहीत, पण साध्या जमिनीवरच्या फ्लिकला कच खातात. कारण मल्लखांबावर बहुतेक वेळ कुठली तरी पकड असते, मांडीची, काखेची, पायाच्या बोटांची. फ्लिकमध्ये काही क्षण हातात काहीच नसतं. म्हणजे उलटं होण्याची भीती आणि सुटण्याची भीती या दोन वेगळ्या भीती आहेत, आणि एकीचा सराव दुसरीला पुरत नाही.

दुसरी गोष्ट, भीती प्रकार बिघडवते आणि बिघडलेला प्रकार भीती खरी करून दाखवतो. घाबरलेलं मूल मागे जायला कचरतं, म्हणून मागे न जाता वर उडी मारतं. वर उडी मारायची तर गुडघे पुढे जातात, वजन चवड्यांवर येतं. मग हात पायांच्या अगदी जवळ टेकतात, अंग त्यांच्यावर सरळ खाली येतं आणि कोपरं वाकतात. त्यातच जमीन लवकर दिसावी म्हणून मान आधीच मागे टाकलेली असते, त्यामुळे खांदे खाली जातात आणि डोकं जमिनीच्या जवळ येतं. डोकं घासलं की मुलगी म्हणते, ‘मला माहीतच होतं.’ तिचं चुकत नाही. घाबरत केलेली फ्लिक खरोखरच जास्त धोक्याची असते. म्हणूनच ‘डोळे मिटून एकदा मारून टाक’ हा सल्ला आपल्याकडे कितीही लाडका असला तरी वाईट आहे.

आता तिच्याशी बोला. ‘भीती वाटते का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे उत्तर नाही. ‘कुठे थांबतं?’ असं विचारा. बसायच्या आधी, बसल्यावर, हवेत असताना, की हात टेकतील की नाही यावर? आणि थांबतं तेव्हा डोक्यात चित्र कसलं येतं? जिममध्ये साधारण चार तऱ्हेची उत्तरं ऐकू येतात.

‘डोक्यावर पडेन’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर, आणि ते बहुतेकदा हातांबद्दलचं खरं निदान असतं. तिच्या कोपरांना स्वतःचं वजन अचानक आलं तर पेलवत नाही, आणि हे तिच्या शरीराला कळलेलं आहे. मॅडमचा हात कमरेखाली असतो तेव्हा ते वजन कमी होतं, म्हणून तेव्हा भीती नसते. इथे उपाय ताकदीचा आहे, मनाचा नाही.

‘मागे काही दिसत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला मागच्या दिशेची सवयच नसते. तिला मागे कोलांटी, मागे चालणं, मागे उडी मारून गादीवर पाठ टेकणं, असं मागच्या दिशेचं खूप काम हवं.

‘मॅडम नसल्या तर नाही’ हे उत्तर सपोर्टच्या सवयीचं आहे. ताकद आहे, दिशा कळते, पण मेंदूने प्रकार ‘हात पाठीला लागला की उडी’ असाच पाठ केलाय. हाताचा स्पर्श ही खूण झाली आहे, आणि ती खूण गेली की उडीच सुरू होत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलीचं हेच असावं अशी शंका येते, पण आधी पहिलं कारण तपासून बाद करा.

चौथं उत्तर ‘माहीत नाही, पायच उचलत नाही’ असं असतं. ते वेगळं प्रकरण आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

ताकदीची तपासणी पंधरा मिनिटांत होते. पुढचे आकडे कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत, शिकवताना उपयोगी पडणारे ठोकताळे आहेत. पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, 30 ते 45 सेकंद, कोपरं कुलूप लावल्यासारखी. त्याच हँडस्टँडमध्ये कोपरं न वाकवता नुसते खांदे दाबून-सोडून 10 वेळा, कारण जमीन ढकलायचं काम खांद्यांचं असतं. ब्रिज, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकून पोट वर केलेली कमान, 20 सेकंद, हात सरळ आणि खांदे मनगटांच्या वर आलेले. अनेक मुलींच्या ब्रिजमध्ये सगळा वाक कमरेत असतो आणि खांदे बंद असतात. अशा मुलीचे हात फ्लिकमध्ये मागे पोचतच नाहीत, आणि मग कंबर दुखायला लागते. पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवून खांदे आणि पाय उचलून धरणं, म्हणजे हॉलो होल्ड, 30 सेकंद. शेवटी हँडस्टँडमधून दोन्ही पाय एकदम झटकून खाली, हात जमिनीवरून सुटलेले, लागोपाठ 10. यात कुठे कोपर थरथरलं, पोट सुटलं, तर भीती खरं बोलतेय. आधी सहा आठवडे ते काम करा, फ्लिकचा विषयच काढू नका. कित्येकदा मूल स्वतःच येऊन विचारतं, आता करू का म्हणून.

मनगट दुखतं का, हेही विचारा. वाढीच्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या टोकावर सतत भार पडून तिथे इजा होऊ शकते, आणि मुलं ते सांगत नाहीत कारण सांगितलं की सराव बंद होतो. हात टेकायला कचरणारी मुलगी कधीकधी भित्री नसतेच, तिला दुखत असतं. दाबल्यावर दुखणं, सूज, दोन आठवडे न जाणारं दुखणं, यातलं काही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ, नंतर फ्लिक.

पडायचं कसं हे आपल्याकडे फार कमी शिकवलं जातं, आणि भीती कमी करायला त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. मागे तोल गेल्यावर माणूस आपोआप हात मागे टेकवतो, तळवा जमिनीवर, कोपर ताठ. मनगट आणि कोपर मोडतं ते असं. म्हणून मऊ मॅटवर आधी हे अंगवळणी पाडा: बसा, पाठ गोल करा, हनुवटी छातीला लावा, हात छातीशी धरा आणि लोळा. रोज वॉर्मअपमध्ये 10 वेळा. याच्या जोडीला एक नियम पक्का ठरवा. पाय जमिनीवर आहेत तोवर थांबायचं असेल तर खुशाल थांब, किंवा बसून लोळ. पण एकदा उडी सुटली की अर्ध्यात विचार बदलायचा नाही. हात ताठ ठेवायचे आणि ढकलायचं. अर्ध्यात सोडलेली फ्लिक ही वाईट फ्लिकपेक्षा जास्त धोक्याची. आपण कुठपर्यंत थांबू शकतो आणि कुठून पुढे नाही, हे मुलीला नेमकं माहीत असलं की ‘होईल की नाही’ हा घोळ निम्मा कमी होतो.

आता पायऱ्या. तत्त्व एवढंच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सपोर्ट कमी केला तर जमीन सोपी ठेवायची, जमीन कडक केली तर सपोर्ट परत आणायचा. मॅडमचा हात एकदम काढून थेट फ्लोअरवर करायला लावणं म्हणजे दोन-तीन पायऱ्या एका दमात चढायला सांगणं, आणि चार महिने नेमकं तेच चाललंय असं दिसतं.

पहिली पायरी मागे उडीची. मऊ गाद्यांचा ढीग तिच्या कमरेच्या आसपास, साधारण 60 ते 80 सेंटिमीटर उंच करा. ढिगाकडे पाठ करून फूटभर अंतरावर उभी राहू दे. बसून, हात झटकून, मागे उडी, आणि ढिगावर पाठ सपाट टेकायची, हात कानांशीच. पाठीऐवजी बसकण आधी टेकली तर ती मागे जात नाहीये, नुसती बसतेय. जमलं की पाय ठेवायची खडूची रेघ दर वेळी चार बोटं पुढे सरकवत न्या. ‘घाबरू नकोस’पेक्षा ‘मागच्या रेघेपेक्षा लांब’ हे मुलांना चटकन कळतं, आणि वर उडी मारायची खोड याच खेळात मोडते.

मग बॅरल, म्हणजे जाड फोमचा गोल किंवा अष्टकोनी ढोल. त्याची उंची तिच्या गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली असावी. फार मोठा असला की हात पोचत नाहीत, फार लहान असला की कंबर मोडल्यासारखी होते. बॅरलला पाठ टेकून बसायचं, मागे झेपावायचं, हात जमिनीवर जाईपर्यंत बॅरल खालून साथ देतो. कोच मांड्यांना धरून वेग सांभाळतात. बॅरलची खरी गंमत अशी, की हवेतला तो रिकामा क्षण इथे रिकामा राहत नाही, पाठीला सतत काहीतरी लागलेलं असतं, आणि तरी हालचाल पूर्ण होते.

तिसरी पायरी उताराची मॅट. उंच टोकाकडे पाय, उताराकडे पाठ. उतारामुळे हात टेकायची जागा खाली जाते, त्यामुळे फिरायला वेळ आणि वेग दोन्ही जास्त मिळतात. पहिली एकटीची फ्लिक इथे व्हावी, फ्लोअरवर नाही. उंच टोक गुडघ्याएवढं असलं तरी पुरे. त्यानंतर उतार कमी करत जा, मग नुसती एक घडी घातलेली मॅट, मग सपाट.

मॅटच्या जाडीबद्दल एक चूक सगळीकडे दिसते. मुलगी घाबरते म्हणून हात टेकतात तिथे जाडजूड 30 सेंटिमीटरची मऊ गादी टाकतात. पाठीवर पडायला ती उत्तम. पण हात त्यात रुततात, मनगट जास्त मागे वाकतं, ढकलायला काही मिळत नाही आणि कोपरं वाकून डोकं गादीत जातं. पाय ठेवतो आणि हात टेकतो तिथे घट्ट, पातळ, चार-पाच सेंटिमीटरची मॅटच हवी. तेच वाळूचं. चौपाटीवर किंवा कुस्तीच्या हौद्यात पडायला शिकावं, कोलांट्या माराव्यात, पण फ्लिक तिथे शिकू नये, हात सारखा रुतत नाही. ट्रॅम्पोलीन आणि हवेचा ट्रॅक कामाचे आहेत, पण मोजून. तिथे वर उडायची सवय लागते आणि पायांना हवा तो वेग फुकट मिळतो, म्हणून फ्लोअरवर आल्यावर मुलगी म्हणते की इथे होतच नाही. आठवड्यातल्या एकूण सरावाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त तिकडे नको.

सपोर्ट कमी करण्याचीही स्वतंत्र शिडी आहे. पूर्ण सपोर्टमध्ये कोचचा एक हात कमरेच्या खालच्या भागाला, दुसरा मांडीच्या मागे. कमरेचा हात उचलतो, मांडीचा हात फिरवतो. आधी मांडीचा हात काढायचा. मग कमरेचा हात पूर्ण तळव्याऐवजी दोन बोटांचा. मग हात नुसता लागेल इतका. मग वीतभर दूर, पण तिथेच. मग कोच बाजूला उभे, हात खाली. मग एक पाऊल दूर. मग दोन. सगळ्यात शेवटी कोच दुसऱ्या मुलीशी बोलत असताना तिने करणं, आणि ही पायरी लोक विसरतात. त्यांची नजर हाही सपोर्टच असतो. कोच नेहमी डाव्या बाजूला उभे राहत असतील तर मध्येच बाजू बदलून बघा. काही मुली त्या बाजूला किंचित झुकून फ्लिक मारायला शिकलेल्या असतात आणि एकटीने करताना नेमक्या तिरक्या जातात.

दोन बोटांवर आल्यावर कोचने खरं सांगावं की हाताला किती वजन आलं. ‘आत्ता काहीच आलं नाही, सगळं तूच केलंस’ हे ऐकणं आणि मोबाइलवर बाजूने घेतलेल्या व्हिडिओत ते दिसणं, याने जेवढा धीर चेपतो तेवढा कौतुकाने चेपत नाही.

मात्र फसवू नका. ‘हात लावते’ म्हणायचं, ऐन वेळी काढून घ्यायचा आणि ‘बघ, केलीस की नाही एकटीने’ म्हणून टाळ्या वाजवायच्या, ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एकदा चालतेही. त्यानंतर मुलगी प्रत्येक वेळी हात आहे की नाही याचाच विचार करत बसते, आणि बसता बसता मान वळवून कोचकडे बघते, म्हणजे प्रकार आणखी बिघडतो. तिच्या संमतीने केलं तर हीच युक्ती उत्तम: ‘पाचपैकी एका फ्लिकला मी हात लावणार नाही, कोणत्या ते सांगणार नाही, चालेल?’ ती हो म्हणाली तर करा, नाही म्हणाली तर पायरी अजून पिकलेली नाही.

पायरी पिकली हे ओळखायचं कसं? शून्य ते दहा आकडा विचारा. शून्य म्हणजे गादीवर लोळणं, दहा म्हणजे पाय लटपटताहेत. सराव 3 ते 5 च्या दरम्यान ठेवा. दोनच्या खाली असेल तर ती नवीन काही शिकत नाहीये, सातच्या वर असेल तर ती फक्त सुटकेची वाट बघतेय. एखाद्या पायरीवर लागोपाठ दोन दिवस, पाचपैकी चार फ्लिक नीट झाल्या आणि आकडा 3 वर आला, की पुढची पायरी. फ्लिक नीट झाली पण आकडा 6 च राहिला तर थांबा. अंगाला जमलंय, मनाला अजून पटलेलं नाही, तिथेच आणखी काही दिवस काढा. आकडा तिने सांगायचा, आईने अंदाज करायचा नाही.

आता त्या उभं राहण्याबद्दल, कारण चार महिन्यांत बिघडलेली खरी गोष्ट ती आहे. हात वर, गुडघे वाकवणं, मग सरळ होणं. दर वेळी सरळ झाल्यावर पोटातला गोळा एकदम उतरतो, सुटल्यासारखं वाटतं. ते सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस आहे, तुमच्या सायकलपेक्षा मोठं, कारण ते त्याच सेकंदाला मिळतं. दिवसाला दहा वेळा कच खाल्ली तर दहा वेळा थांबण्याचाच सराव झाला. म्हणून नियम करा: हात वर घेतले की एक श्वास, तीन सेकंदांच्या आत निघायचं. निघवत नसेल तर हात खाली, बाजूला चालत जायचं, रांगेत मागे. उभं राहून मनाशी झगडायचं नाही. लागोपाठ दोनदा असं झालं की कुणी काही न बोलता एक पायरी खाली. खाली उतरणं ही शिक्षा नाही, आणि कच खाल्ली म्हणून पुश-अप्स तर मुळीच नकोत. भीतीला त्रासाची जोड दिली की आकडा वाढतो, एवढंच होतं.

वेळ वॉर्मअपनंतर लगेचची ठेवा. क्लासच्या शेवटी, पाय दमलेले असताना, घरी जायच्या घाईत नवीन पायरी चढवू नका. दहा ते पंधरा मिनिटं, आठ-दहा फ्लिक, बस. ‘अजून एकच’ हा शब्दप्रयोग जिममधून हद्दपार करावा असा आहे, बऱ्याच पडझडी त्या एकात होतात. पावसाळ्यात हॉलमधला गालिचा आणि हात दोन्ही दमट असतात, मॅग्नेशियमची पावडर लावूनही हात सरकतो असं वाटलं तर त्या दिवशी नवीन काही नको.

मनाच्या बाजूने तीन गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत बाहेर, रांगेत उभं असताना तीन वेळा. बाहेर सोडणं लांब हवं, उलट केलं तर छाती आणखी धडधडते. शब्द: उडीच्या वेळी डोक्यात एकच सूचना, आणि ती काय करायचं याची. ‘मान टाकू नको’ असं म्हटलं की मानच आठवते. ‘बस, मागे, ढकल’ हे तीन शब्द पुरतात, आणि भीती ज्या जागी आहे तोच शब्द मोठ्याने म्हणायचा. कोच आणि आई-बाबा यांनी वेगवेगळ्या पाच सूचना एकदम देऊ नयेत. शेवटचं, मनातली फ्लिक: डोळे मिटून, बाहेरून व्हिडिओ बघितल्यासारखी नाही तर आतून, खऱ्या वेगाने. टाचांवरचं वजन, कानाजवळून जाणारे हात, तळव्यांचा मॅटवरचा आवाज. रोज झोपताना पाच. पुष्कळ मुलींची मनातली फ्लिकही हात टेकायच्या आधीच तुटते किंवा डोक्यावर पडते. तसं झालं तर पुढे ढकलत राहू नका. जी पायरी जमते, म्हणजे बॅरलवरची किंवा उतारावरची, तिचीच कल्पना करायला सांगा.

घरी काय करायचं? भिंतीचा हँडस्टँड, ब्रिज, हॉलो होल्ड, मनातली फ्लिक. काय करायचं नाही? पलंगावरच्या गादीवर, गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मामेभावाने धरून, फ्लिक. आणि क्लास सुटल्यावर गाडीत बसता बसता ‘आज केलीस का?’ हा प्रश्न. त्याऐवजी ‘आज कोणत्या पायरीवर काम झालं?’ असं विचारा. प्रश्नाचा रोख बदलला की तिलाही कळतं की तुम्ही निकाल मागत नाही.

आता ते चौथं उत्तर, ‘माहीत नाही, पायच उचलत नाही.’ विशेषतः महिनोन्‌महिने एकटीने करत असलेली फ्लिक एके दिवशी अचानक गेली, पडणं नाही, दुखणं नाही, नुसतं शरीर ऐकत नाही, असं झालं तर हा वेगळा अडथळा समजावा. यात धाडसाचा संबंध फार कमी. सिमोन बाइल्ससारखी खेळाडू 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) अडीच ट्विस्ट, म्हणजे हवेतल्या अंगाभोवतीच्या गिरक्या, घ्यायला गेली आणि दीडच घेऊन उतरली, कारण हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं. तिने त्या फेरीतून माघार घेतली. नंतर त्याच स्पर्धेत बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, उतरताना ट्विस्ट नसलेला प्रकार निवडून, तिने कांस्य मिळवलं. 2024 मध्ये पॅरिसला ती वैयक्तिक सर्वसाधारण (सगळी साधनं मिळून) विजेतीही झाली. तिने केलेली निवड हीच शिकवण्याची पद्धत आहे: जो तुकडा हरवलाय तो बाजूला ठेवून, जो शाबूत आहे त्यावर उभं राहायचं. दीपा कर्माकरचं उदाहरण देऊन मुलांना लाजवणारेही भेटतात, की ती रिओला 2016 मध्ये प्रोदुनोव्हा हा अतिशय अवघड व्हॉल्ट करून चौथी आली आणि तुला साधी फ्लिक होत नाही. असा व्हॉल्ट कुणीही थेट कडक मॅटवर शिकत नाही. त्याच्यामागे फोमच्या खड्ड्यात आणि मऊ गाद्यांवर घालवलेला प्रचंड काळ असतो, तो मात्र कुणी सांगत नाही.

अचानक गेलेल्या प्रकारामागे बऱ्याचदा उंची असते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते. काही महिन्यांत हातपाय लांब होतात, वजन वाढतं आणि जुना अंदाज चुकायला लागतो. तीच उडी, तोच वेग, पण हात टेकायची वेळ बदललेली. मुलीला काहीतरी वेगळं वाटतं, काय ते सांगता येत नाही, आणि शरीर थांबतं. दाराच्या चौकटीवर दर महिन्याला उंचीची रेघ मारून ठेवा, कोचला दाखवा. वाढीच्या त्या महिन्यांत नवीन प्रकार न चढवता बॅरल आणि उतारावर परत जाणं शहाणपणाचं. अशा अडथळ्यात तो प्रकार दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवून बाकी सगळं चालू ठेवणंही बऱ्याचदा उपयोगी पडतं. झोप उडाली, जिमला जायच्या नावानेच पोट दुखायला लागलं, इतर गोष्टींतही ती मिटून गेली, तर क्रीडा मानसशास्त्राचं काम करणाऱ्या समुपदेशकाकडे न्या. आणि डोकं आपटल्यावर उलटी, गरगरणं, मानेत दुखणं किंवा हातांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी फ्लिक, भीती, पायऱ्या सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे.

फ्लोअरवरची पहिली एकटीची फ्लिक झाली की सगळे आनंदाने दहा करायला लावतात. तीन पुरेत. दुसऱ्या दिवशी थेट फ्लोअरवर उभं करू नका, उतारावर दोन, मग पातळ मॅटवर एक, मग फ्लोअर. पुढचे दोन-तीन आठवडे असंच. दिवाळीची सुट्टी किंवा परीक्षेचा खंड पडला की ती परत बिचकेल, ते धरूनच चाला आणि जिथे सोडलं होतं तिथून दोन पायऱ्या खालून सुरू करा. फ्लिक स्थिर झाली की कोच ती राउंड-ऑफला (धावत येऊन हात टेकून, अर्धं वळून दोन्ही पायांवर एकदम उतरणं) जोडायला लागतील. तिथे वेग आयता मिळतो म्हणून काही मुलींना ती उभ्याने केलेल्या फ्लिकपेक्षा सोपी वाटते, पण राउंड-ऑफ तिरका पडत असेल तर फ्लिकही तिरकीच जाणार. म्हणून जोडण्याआधी मॅटवर सरळ रेघ मारून त्या रेघेवर 10 राउंड-ऑफ करून घ्या, दोन्ही पाय रेघेवरच उतरायला हवेत.